दिनविशेष : ३ डिसेंबर – शीतयुद्धाला निरोप, असोद्याच्या लेकीचे स्मरण

१९८९ : माल्टाच्या किनाऱ्याजवळ ‘मॅक्सिम गॉर्की’ या सोव्हिएत जहाजावर अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश आणि सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी संयुक्त पत्रकार परिषद घेतली. समुद्र इतका खवळला होता, की आदल्या दिवशीच्या काही बैठका रद्द कराव्या लागल्या. चार दशकांचे शीतयुद्ध मागे पडत असल्याची ग्वाही त्या दिवशी जगाला मिळाली. १९९१ मध्ये अण्वस्त्रकपातीचा ‘स्टार्ट’ करार झाला, वर्षअखेरीस सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि अण्वस्त्रे झपाट्याने घटली.

धोका मात्र टळलेला नाही. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरील करार २०१९ मध्ये मोडीत निघाला. युक्रेन युद्धात अण्वस्त्रांच्या धमक्या उघडपणे दिल्या गेल्या. जगात आजही सुमारे १२ हजार अण्वस्त्रे आहेत. त्यांतील जवळपास ९० टक्के अमेरिका आणि रशियाकडेच.

१९५१ : असोद्यात जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे जळगावात निधन. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी बाईने घरची, शेतातली कामे करता करता ओव्या रचल्या आणि माणसाच्या हावेला खडा सवाल केला. शस्त्रस्पर्धेमागेही हीच हाव असते; म्हणून खानदेशातल्या शाळांनी आज बहिणाबाईंच्या कवितांसोबत अण्वस्त्रमुक्तीचा विषयही मुलांना जरूर समजावून सांगावा.