हौशी विमाननिर्मिती, इंजिनाची शक्ती आणि इतिहासाचा पुरावा : तळपदे ते यादव

प्रस्तावना

हौशी विमाननिर्मात्यांचा इतिहास बहुधा उड्डाणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो अवतरणांचाही इतिहास आहे. आकाशात इंजिनाची शक्ती घटली की वैमानिकास मिळेल त्या मोकळ्या जागी उतरणे भाग पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या २०१२ मधील अभ्यासानुसार हौशी बनावटीच्या विमानांच्या अपघातांत इंजिन-यंत्रणेतील बिघाड आणि विमानावरील ताबा सुटणे हे प्रकार सर्वाधिक आढळतात. प्रस्तुत निबंधात या दृष्टीने महाराष्ट्रातील दोन प्रयत्नांचा विचार केला आहे.

शिवकर बापूजी तळपदे (१८६४-१९१६)

तळपदे यांचे विमान १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर उडाले व खाली कोसळले, असे सांगितले जाते. ते कोणत्या शक्तीवर चालले, ती का संपली, याची तपासता येईल अशी समकालीन नोंद अभ्यासकांच्या हाती नाही. या दाव्याचा आधार म्हणून 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाकडे बोट दाखविले जाते. परंतु बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा नसल्याचे आणि त्यातील विमाने उडण्यास अक्षम असल्याचे दाखवून दिले. साहजिकच १८९५ च्या उड्डाणास त्याचा आधार घेता येत नाही.

याच काळातील एक उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. ६ मे १८९६ रोजी सॅम्युएल लँग्ली यांचे मानवरहित, वाफेवर चालणारे विमान सुमारे एक किलोमीटर उडाले आणि वाफ संपताच पोटोमॅक नदीत अलगद उतरले. या प्रसंगी अलेक्झांडर ग्रॅहम बेल उपस्थित होते व त्यांनी छायाचित्रेही घेतली. शक्ती संपण्याचे कारणच येथे नोंदले गेले. म्हणून हा प्रयोग इतिहास ठरतो.

कॅप्टन अमोल यादव

यादव यांनी कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते मुंबईतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळे येथे चाचणी उड्डाणे झाली. नव्या विमानाची पहिली उड्डाणे धावपट्टीलगतच घेण्याचा प्रघात आहे; इंजिन दगा देईल हे गृहीत धरूनच ही काळजी घेतली जाते. नोंदणी आणि परवान्याची प्रक्रिया निर्मात्यास जाचक वाटते, तथापि तीच पुढील इतिहासकाराची साधनसामग्री होय.

निष्कर्ष

जानेवारी २०१५ मध्ये मुंबईतील भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेल्याने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. तळपदे यांच्या जिज्ञासेचा आदर राखून, पुराव्याअभावी त्यांच्या उड्डाणास 'दावा' असेच म्हणणे, हे रत्नागिरीसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयीन अध्यापकांचेही कर्तव्य आहे. ज्या यंत्राच्या अपयशाची नोंद नाही, त्याच्या यशाची ग्वाही इतिहास देऊ शकत नाही.