कासरा आणि घड्याळ

कापसाने भरलेली गाडी वालूरहून सेलूच्या बाजाराला निघाली की गावाबाहेर आल्यावर चुलते कासरा माझ्या हाती देत. मी तो घट्ट ताणून धरी. "वढू नगंस, नुसता धर," एवढेच ते म्हणत. हात सैल पडला की थोड्या वेळाने कळू लागे, चढ आला की डावा बैल अंग चोरतो. आधी त्याच्या बाजूचा दोर ढिला पडे आणि मग गाडी डावीकडे ओढली जाई. डोळ्यांना दिसण्यापूर्वी ते हाताला समजलेले असे.

वेग आणि हाकणाऱ्याचा सहभाग यांचे नाते तपासायचे तर सुरुवात या ढिल्या दोरापासून करावी लागते. सहभाग म्हणजे कष्ट, अशी सर्रास समजूत आहे. मला ती मान्य नाही. आपण केलेल्या कृतीचा परिणाम आपल्याच हाताला उलट जाणवणे आणि त्या जाणिवेवरून पुढची कृती बदलायला वाव असणे, याला मी सहभाग म्हणतो. दोन्ही अंगे हवीत. जाणवते पण काही करता येत नाही, तो गाडीत बसलेला प्रवासी. करता येते पण जाणवत नाही, तो कळ दाबणारा. वेगाचे तसे नाही. वेग घड्याळात मावतो आणि परक्या माणसालाही वाचता येतो. वादात वेगाची बाजू नेहमी बळकट दिसते ती यामुळे.

मोटारशौकिनांत हा वाद 2013 मध्ये चांगलाच पेटला. पोर्शे कंपनीने त्या वर्षी 911 जीटी3 ही ट्रॅकवर पळवण्यासाठी घडवलेली गाडी फक्त दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्ससह आणली. गिअर बदलताना वाया जाणारा वेळ जवळजवळ संपला, पण क्लच दाबून हाताने गिअर टाकण्याची सोयही गेली. जुने चाहते नाराज झाले. कंपनीने 2016 मध्ये हाताच्या गिअरची 911 आर काढली, तीही मोजून 991 गाड्या, आणि 2017 मध्ये जीटी3लाही तो गिअरबॉक्स परत मिळाला. त्यानंतरच्या पिढीत कंपनीच्याच आकड्यांनुसार ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठायला स्वयंचलित गाडीला 3.4 सेकंद लागतात, हाताच्या गिअरच्या गाडीला 3.9. हा अर्धा सेकंद समजून उमजून सोडणारी गिऱ्हाइके आहेत. त्यांना वेगाचे वावडे असते तर ते या गाडीच्या वाटेलाच गेले नसते. म्हणजे त्यांना हवे आहे ते वेगाच्या उलट टोकाला बसलेले नाही, हे उघड आहे.

वेग आणि सहभाग यांच्या नात्याच्या याच प्रश्नाला बैलांच्या शर्यतीने आपल्याकडे तीन वेगळी उत्तरे दिली आहेत. तिन्ही महाराष्ट्रातच सापडतात, त्यामुळे तुलना करणे सोपे जाते.

पुणे जिल्ह्यातल्या खेड, आंबेगाव, जुन्नर भागात बैलगाडा घाटात पळतो. घाट म्हणजे चढाची आखलेली धावपट्टी. पुढे घोडी, मागे चार बैल, हलका गाडा, आणि गाड्यावर कोणीही नाही. बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, सेकंदांत मोजली जाते. हाकणाऱ्याचे वजन वाचले, हा त्यातला उघड फायदा. पण वजन वाचवता आले कशामुळे, ते पाहिले पाहिजे. दिशा घोडी दाखवते आणि शेवटी बैलांना आवरायला चढ मदत करतो. कोणते बैल पुढे जुंपायचे, कोणते गाड्याजवळ ठेवायचे, कोणाला कोणाशेजारी घालायचे, ते कधी सोडायचे, हे सारे निर्णय बारी सुरू होण्याआधीच होतात. कौशल्य इथेही आहे आणि ते मोठे आहे. फक्त गाडा सुटला की माणसाचे काम संपते. संगणक पकड सांभाळतो, गिअर बदलतो, अशा आजच्या अतिवेगवान मोटारीत नेमके हेच घडते. तिथे अभियंत्याची बुद्धी आधीच खर्ची पडलेली असते.

विदर्भातल्या शंकरपटात, तळेगाव दशासरसारख्या नावाजलेल्या पटावरसुद्धा, घड्याळ आहेच. पण छकड्यावर धुरकरी, म्हणजे हाकणारा, बसतो. सपाट जमिनीवर एकाच जोडीच्या दोन बैलांत जरासा फरक पडला की तो दिशेत उतरतो, आमच्या डाव्या बैलासारखाच. तो फरक त्या क्षणी कोणीतरी भरून काढावा लागतो. म्हणून धुरकऱ्याचे वजन बैल ओढतात. ते वजन वाया गेलेले नसते, कारण सरळ पळालेली जोडी कमी अंतर पळते.

सातारा-सांगलीकडची मैदाने तिसऱ्या तऱ्हेची. तिथे चाकोऱ्या आखून गाड्या शेजारी शेजारी सोडतात, रेषेला आधी पोचेल तो पुढच्या फेरीत जातो. हाकणाऱ्याला सरळ 'ड्रायव्हर' म्हणतात. गटातून निघून सेमी आणि मग फायनल गाठायची असल्यामुळे पहिल्याच फेरीत जोडीचा सगळा दम काढणारा ड्रायव्हर शेवटी हरतो. शेजारच्या चाकोरीतली गाडी किती मागे आहे, आपले बैल किती उरले आहेत, कासरा कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, हे पळता पळता ठरवायचे. माझ्या मते तिन्ही रीतींत हाकणाऱ्याचा सहभाग इथे सर्वात दाट आहे.

तीनही रीती शेजारी ठेवल्या की दिसते ते असे. हाकणारा राहतो की जातो हे वेगावर ठरत नाही. वाटेत किती निर्णय शिल्लक ठेवले आहेत, यावर ठरते. वालूरची गोल फिरत उतरणारी बारव ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. सरळ जिन्यावरून माणूस बोलत बोलत उतरतो. त्या बारवेत पायरीगणिक दिशा बदलते, म्हणून घाई नसतानाही लक्ष पायाशी राहते. मोटारीच्या ट्रॅकवर वळणांना जे महत्त्व आहे त्याचे कारण हेच. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या साधारण 20.8 किलोमीटरच्या फेरीत 2025 मध्ये हाताच्या गिअरच्या जीटी3ने 6 मिनिटे 56.294 सेकंदांची वेळ दिली. याच पिढीतल्या आधीच्या, स्वयंचलित गिअरच्या जीटी3ची 2021 मध्ये जाहीर झालेली वेळ 6 मिनिटे 59.927 सेकंद होती. दरम्यान गाडीत इतरही सुधारणा झाल्या, त्यामुळे सगळे श्रेय गिअरला देता येणार नाही. तरी हात गुंतला म्हणजे वेग गेलाच, हे म्हणणे त्या आकड्यापुढे टिकत नाही.

आता शर्यतीच्या बंदीकडे वळतो, कारण तिने या प्रश्नावर अनपेक्षित प्रकाश टाकला. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका हे सगळे नियमांनी बंद केले. प्राण्याचे हाल थांबावेत हा त्यामागचा हेतू, आणि तो पूर्णपणे योग्य आहे. पण त्याने हाकण्याच्या कलेचेही भले झाले असे मी ठामपणे म्हणतो. टोचणी हे एका दिशेचे साधन आहे. ती बैलाला हुकूम देते, बैलाचे काही ऐकून घेत नाही. ती गेल्यावर उरला कासरा, आवाज आणि महिनोन्‌महिने केलेला सराव. कासऱ्यातून बैलही बोलतो. फॉर्म्युला वनने 1994 मध्ये आणि पुन्हा 2008 पासून चाक घसरू न देणारी यंत्रणा बंद केली, त्याही वेळी घसरण सांभाळण्याचे काम परत ड्रायव्हरच्या पायाकडे आले होते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. हाकणाऱ्याला वाव दिला की चुकीलाही वाव मिळतो, आणि मैदानावर चुकीची किंमत बैल किंवा कडेला उभा असलेला माणूस मोजतो. मोटारीतली चाकांची पकड सांभाळणारी यंत्रणा रस्त्यावर जीव वाचवते, तिथे ती हवीच. बंद ट्रॅक आणि मोकळा रस्ता यांना एकच नियम लावू नये. मैदानाच्या बाबतीत मात्र माझी एक सूचना आहे. रेषा ओलांडल्यावर जोडी किती अंतरात आणि किती शांतपणे थांबली, हे पंचांनी पाहावे आणि त्याला गुण द्यावेत. भरधाव जोडी नुसत्या कासऱ्यावर आणि आवाजावर उभी राहणे हा हाकणाऱ्याचा आणि बैलांचा किती संवाद आहे याचा सर्वात स्वच्छ पुरावा आहे, शिवाय गर्दीही त्याने सुरक्षित राहते. सेलूच्या बाजारात भरल्या गाडीचे बैल चुलते "हो, हो" म्हणत वजनकाट्यासमोर उभे करत, तेव्हा दोर त्यांच्या मांडीवर सैल पडलेला असे.