पीडीएफ उघडते, पण वाचता येत नाही

आजची गोष्ट कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या पीडीएफची.

परीक्षा तोंडावर आली की सर नोट्स टाकतात. आपण उघडतो, वाचतो. वर्गातला अंध मित्र तीच फाइल उघडतो, पण मजकूर बोलून दाखवणारा त्याचा स्क्रीन रीडर एकतर गप्प बसतो, नाहीतर काहीतरी अगम्य बडबडतो. असं का होतं?

कॉम्प्युटरला अक्षराचा आकार कळत नाही, कळतो तो त्याचा नंबर. सुरुवातीच्या बऱ्याच मराठी फॉन्टनी एक जुगाड केला. इंग्रजी अक्षरांच्या नंबरांवर देवनागरी आकार बसवले. कागदावर मराठी छान उमटली, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच राहिली. स्क्रीन रीडर तीच वाचतो!

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि त्यात देवनागरीला स्वतःचे नंबर मिळाले. तरी छपाईच्या कामात जुने फॉन्ट टिकून राहिले. त्यातल्या नोट्स आजही फिरतात.

मग २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर बनवायला घेतला. पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. महागड्या सॉफ्टवेअरच्या जमान्यात यांनी आपलं काम फुकट वाटलं.

कायदाही बदलला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतात अपंग वाचकांसाठी पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत करणं कॉपीराइटचा भंग राहिलं नाही. २०१३ मध्ये मराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला सगळ्यात आधी मान्यता दिली ती भारताने.

म्हणजे नंबर आले, सॉफ्टवेअर आलं, कायदा आला. आता उरलं काय? फाइल बनवणाऱ्या शिक्षकाची थोडी मेहनत. स्कॅन म्हणजे नुसता फोटो, म्हणून मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायचा. मथळा नुसता ठळक न करता हेडिंग स्टाइलने द्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला थेट हव्या त्या भागावर उडी मारता येते. आणि 'आकृती पाहा' म्हणून सोडून न देता तिच्यात काय आहे ते दोन ओळींत लिहायचं.

एवढं केलं की तो मित्र इतरांसारखाच रात्री एकटा बसून अभ्यास करू शकतो. 'जरा वाचून दाखवशील का?' असं रोज कुणाला तरी विचारावं लागत नाही.

तुमच्या सरांना, मॅडमना हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!