येरवड्याचा धडा, निलंग्याची गरज

व्यसनातून किंवा मनाच्या आजारातून उठलेल्या माणसानं दुसऱ्याला हात देण्याचं काम रीतसर शिकावं आणि पगारावर करावं, असं निलंग्यात कुणापाशी बोललं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आणि तोच परत घसरला तर?" प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या येरवड्यात गेली जवळपास चाळीस वर्षं हा प्रश्न रोज नव्यानं सोडवला जातो, म्हणून तिथल्या 'मुक्तांगण' या व्यसनमुक्ती केंद्राची वाटचाल इथं सांगावीशी वाटते.

ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत शिरली. लेखक अनिल अवचटांनी तिच्या तावडीत सापडलेल्या पोरांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि उपचाराची सोय उभी करायला त्यांनी पैसे देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं.

गर्द अचानक बंद केली की अंग मोडून येतं, झोप उडते, उलट्या होतात. पोरांच्या भाषेत याला 'टर्की' म्हणतात. टर्की काही दिवसांत उतरते, औषधानं थोडी सुसह्यही होते. खरी गोची त्यानंतर सुरू होते. घरच्यांना आणि डॉक्टरांना गुंडाळण्यात व्यसनी माणूस तरबेज झालेला असतो. 'आता सोडलीच' हे तो इतक्या मनापासून सांगतो की त्याला स्वतःलाही ते खरं वाटतं. ही थाप थाप म्हणून ओळखायला, आणि ओळखूनही त्या माणसावर न चिडायला, ती पूर्वी स्वतः मारलेला माणूस लागतो. मुक्तांगणात असे लोक हळूहळू कामात आले. उपचार घेऊन निर्व्यसनी राहिलेले काही जण परत येऊन वॉर्डात मदत करू लागले, त्यातले काही पुढं समुपदेशक झाले. आज तिथल्या कार्यकर्त्यांत अशांचा वाटा मोठा आहे. दाखल झालेल्याला तिथं 'रुग्णमित्र' म्हणतात. बायकांसाठी 'सहचरी' हा गट आहे, कारण नवऱ्याच्या दारूनं आजारी पडलेली बायको शेजारणीशी जे बोलत नाही ते दुसऱ्या तशाच बाईशी बोलते. व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग २००९ साली सुरू झाला.

अनुभव हीच पात्रता, असं मात्र कुणी समजू नये. नुकतीच दारू सोडलेला माणूस फार बोलतो, आणि बहुतेक स्वतःबद्दलच बोलतो. समोरच्याची गोष्ट पुरती ऐकायच्या आधी 'माझंही अस्संच होतं' म्हणून तो आपली कहाणी लावतो. प्रशिक्षणाचा मोठा भाग ही खोड मोडण्यात जातो. आपली गोष्ट कधी सांगायची, किती सांगायची, कुठं गप्प बसायचं. उसने पैसे मागितले तर काय करायचं. आत्महत्येची भाषा कानावर आली तर ती पोटात न ठेवता लगेच कुणाला कळवायची. शिवाय या माणसाच्या पाठीशी कुणीतरी जाणतं बसलेलं हवं. दिवसभर दुसऱ्याची तल्लफ ऐकून त्याची स्वतःचीही चाळवते, हे न लाजता सांगायला जागा हवी. घसरण हा आजाराचाच भाग आहे असं धरलं, की सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं : घसरला तर तो परत उपचार घेईल. मधुमेही डॉक्टरची साखर वाढली म्हणून आपण त्याची पदवी काढून घेत नाही.

१९९७ मध्ये डॉ. अनिता अवचट कर्करोगानं गेल्या. एका व्यक्तीच्या जिव्हाळ्यावर उभ्या राहिलेल्या संस्था अशा वेळी कोसळतात. मुक्तांगण कोसळलं नाही. पुढं त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा घेतली. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं इतर केंद्रांतल्या कार्यकर्त्यांना शिकवण्याची प्रादेशिक जबाबदारीही संस्थेवर सोपवली. २७ जानेवारी २०२२ रोजी अनिल अवचटही गेले. काम चालू आहे.

बऱ्या झालेल्यानं दुसऱ्याला सावरण्याची ही कल्पना तशी जुनीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पुसँ नावाचा माणूस मनोरुग्णांचा वॉर्ड सांभाळायचा. तो स्वतः कधीकाळी त्याच रुग्णालयात गंडमाळेसाठी दाखल झालेला होता, आणि बऱ्या झालेल्या रुग्णांनाच तो सेवक म्हणून नेमायचा. अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरलं, त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी राहिली.

पण दारूचं एक बरं असतं. सोडल्याची तारीख सांगता येते. स्किझोफ्रेनियाला किंवा दीर्घ नैराश्याला अशी तारीख नसते. गोळ्या चालू असतात, एखादा महिना वाईट जातो, आणि तरीही माणूस उत्तम काम करू शकतो. मग तयार कुणाला म्हणायचं? माझ्या मते कसोटी आजार संपल्याची नको, आजाराची चाहूल स्वतःला ओळखता येते की नाही याची हवी. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशननं स्वमदत गट चालवून ही वाट दाखवली. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक होते, आणि पत्नीच्या आजारामुळं या कामात पडले होते. 'देवराई' हा चित्रपट याच धडपडीतून आला.

आपल्या भागाला हे परकं वाटायचं कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरदुरुस्तीच्या कामासाठी बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग'नं त्यांना तयार केलं. त्या स्वतःच भूकंपग्रस्त होत्या. २००१ मध्ये कच्छ हादरलं तेव्हा इथल्या बाया तिकडच्या बायांना भेटायला गेल्या. मनाचे उपचार हा त्यांचा विषय नव्हता, घर आणि हक्क हा होता. पण 'जिच्यावर बेतलं तीच दुसरीला सांगेल' हे सूत्र इथं सरकारी योजनेत चाललेलं आहे.

निलंग्यात अडचण वेगळी आहे. पुण्यात समुपदेशक रस्त्यात ओळखीचा निघत नाही. इथं निलंगा राईसच्या गाड्यावर शेजारी तोच उभा असतो. गुपित फुटलं की मुलीचं लग्न अडतं. त्यामुळं गुप्तता पाळण्याची शिकवण इथं पहिल्या दिवशी द्यावी लागेल आणि नेमणूक शक्यतो दुसऱ्या गावातल्या माणसाची करावी लागेल. आणि हे काम 'सेवा' म्हणून फुकट करून घेऊ नये. आशाताईंना तुटपुंज्या मोबदल्यावर राबवण्याचा कित्ता इथं गिरवला, तर माणसं टिकणार नाहीत.

उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातले दोन दिवस, एक बंद दाराची खोली, दोन प्रशिक्षित माणसं, एक बाई आणि एक पुरुष, ठरलेला पगार आणि लातूरच्या मानसोपचारतज्ज्ञाची दर पंधरवड्याची देखरेख : मागणी एवढीच आहे. तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींनी आणि बचत गटांनी ती लावून धरावी. आणि ज्यांना थांबणं शक्य नाही त्यांच्यासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. त्यावर मराठीत बोलता येतं.