इंजिनाचा भाता आणि पेट्रोलचा हिशेब

मोटारगाडी विकत घेण्यास निघालेला मध्यमवर्गीय गृहस्थ विक्रेत्यास पहिला प्रश्न विचारतो तो हा, की ‘गाडी ॲव्हरेज काय देते?’ विक्रेता छापील पत्रकावरील आकड्यावर बोट ठेवतो. गृहस्थ तो आकडा मनात धरून महिन्याच्या पेट्रोलचा अंदाज बांधतो. आणि गाडी दारात आल्यावर सहा महिन्यांनी त्याच्या ध्यानात येते, की पत्रकावरील आकडा व पेट्रोलपंपाच्या पावत्या यांचा मेळ काही केल्या बसत नाही. लहान इंजिनास टर्बोचार्जर जोडलेल्या गाड्यांविषयी ही तक्रार विशेषच ऐकू येते. आपण फसलो, असे गृहस्थास वाटते. परंतु त्याला फसविले कोणी? कारखानदाराने, परीक्षणशाळेने, की त्याच्या स्वतःच्या उजव्या पायाने? या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर एकशेवीस वर्षांचा इतिहास थोडा चाळून पाहावा लागतो.

या इतिहासाचा आरंभ काटकसरीच्या विचारातून झाला. इंजिनात इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एकतृतीयांश भाग बाहेर पडणाऱ्या धुराबरोबर वाया जातो. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे १८७९ साली जन्मलेला आल्फ्रेड ब्यूखी या तरुण अभियंत्यास हा अपव्यय खुपू लागला. या तप्त धुराच्या झोताने एक पातेचक्र फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरे चक्र बसवावे, आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, अशी त्याची कल्पना होती. १९०५ साली त्याने तिचे जर्मन पेटंट मिळविले. लोहाराच्या भट्टीला भाता असतो, तसा इंजिनाला भाता जोडण्याचाच हा प्रकार. मात्र हा भाता ओढण्यासाठी वेगळा माणूस नको, भट्टीचा धूरच तो ओढणार.

कल्पना सोपी असली तरी ती साकार होण्यास वीस वर्षे लागली. तप्त धुरात टिकेल असा धातू व अचूक घडणीचे चक्र त्या काळी सहजासहजी मिळत नव्हते. १९२० नंतरच्या दशकात ‘प्रॉइसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना ब्यूखीची योजना लागू झाली, तेव्हा १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० अश्वशक्तीचे काम देऊ लागले. इंजिनाचा आकार वाढला नव्हता. वाढला होता तो त्याचा श्वास.

दरम्यान अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने याच कल्पनेचा निराळा उपयोग दाखवून दिला. उंचावरील विरळ हवेत विमानाचे इंजिन दुबळे होते, ही त्या वेळची मोठी अडचण होती. १९१८ साली मॉसने लिबर्टी जातीचे विमान-इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर जेमतेम २३० अश्वशक्ती देऊ लागले. टर्बो जोडताच ते ३५६ पर्यंत चढले. पुढे दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या अमेरिकन बाँबफेकी विमानांना या शोधाचा फार मोठा लाभ झाला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेणे अगत्याचे आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे हवा अधिक भरली, तर तिच्या प्रमाणात पेट्रोलही अधिक द्यावे लागते. भाता जोराने चालविला की निखारा फुलतो खरा, पण कोळसाही लवकर सरतो. टर्बोचार्जर लहान इंजिनास मोठ्या इंजिनाचे बळ देतो. परंतु ते बळ वापरीत असताना त्याची भूकही मोठ्या इंजिनाचीच असते. पुढील सर्व आशानिराशांचे बीज या एका वाक्यात साठविलेले आहे.

खाजगी मोटारीत टर्बोचार्जर आला तो काटकसरीसाठी नव्हे, तर वेगासाठी. १९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर व ओल्ड्समोबाइल जेटफायर या दोन गाड्या बाजारात आणल्या. जेटफायरची कथा मोठी बोधप्रद आहे. दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या मिश्रणाचा अवेळी भडका उडून इंजिन आतून ठोकू लागते. हे टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून इंजिनात फवारण्याची व्यवस्था केली होती. ती टाकी मधूनमधून भरणे मालकाकडे होते. पुष्कळ मालकांना त्याचा विसर पडला. टाकी रिकामी झाली, की गाडी आपले बळ आपणच आवरून धरी, आणि गाडीत दम नाही अशी तक्रार होई. दोन वर्षांतच तिचे उत्पादन थांबले, आणि पुढे कंपनीने मालकांच्या गाड्यांवरील टर्बोचार्जर काढून साधी व्यवस्था बसवून देऊ केली. यंत्र कितीही चतुर असो, वापरणाऱ्याच्या सवयीशी त्याचे जमले नाही तर ते निरुपयोगी ठरते, हा धडा त्यातून मिळाला.

१९७३ सालच्या शरद ऋतूत बीएमडब्ल्यूने ‘२००२ टर्बो’ ही १७० अश्वशक्तीची गाडी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली. पाठोपाठ अरब-इस्रायल युद्ध पेटले, खनिज तेलाची टंचाई झाली, आणि पश्चिम जर्मनीत काही रविवारी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी झाली. अशा वेळी पेट्रोल पिणारी वेगवान गाडी कोणास हवी होती? जेमतेम १,६७२ गाड्या तयार होऊन तिचे उत्पादन थांबले.

मात्र त्याच टंचाईने टर्बोचार्जरला त्याच्या मूळ हेतूची आठवण करून दिली. स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ साली ‘९९ टर्बो’ ही दोन लिटर इंजिनाची गाडी दाखविली. तिच्या अभियंत्यांनी टर्बोचे चक्र लहान ठेवले आणि जादा धूर परस्पर बाहेर सोडणारी झडप बसविली. त्यामुळे इंजिनाला मधल्या वेगातच, म्हणजे नित्याच्या वापरात, बळ मिळू लागले. १९७८ साली मर्सिडीज-बेंझने ‘३०० एसडी’ ही टर्बो डिझेल गाडी अमेरिकेच्या बाजारात आणली. १९८० नंतरच्या दशकात, इंजिन ठोकू लागताच ते ओळखून हवेचा दाब आपोआप कमी करणारी विद्युत्-यंत्रणा साबने तयार केली. जेटफायरच्या मालकाने जे ध्यानात ठेवायचे, ते आता यंत्रच ध्यानात ठेवू लागले.

लहान इंजिन पेट्रोल वाचविते ते कसे? मोठे इंजिन सपाट रस्त्यावर संथ गतीने चालले असता त्याच्या शक्तीचा अल्पसा अंशच उपयोगात येतो. पेट्रोल इंजिनात हवेची वाट अर्धीमुर्धी बंद करूनच शक्ती कमी केली जाते. म्हणजे इंजिनाला आवळलेल्या गळ्याने श्वास घ्यावा लागतो, आणि त्या ओढाताणीत इंधन वाया जाते. तीच गाडी एक लिटरच्या इंजिनाने ओढली, तर हवेची वाट अधिक उघडी राहते, घर्षणही कमी होते. चढावर किंवा पुढील वाहन ओलांडताना मात्र लहान इंजिन अपुरे पडते. तेवढ्यापुरता टर्बो धावून येतो. ही योजना युरोपात झपाट्याने पसरली, कारण २००९ सालच्या कायद्याने तेथील कारखानदारांवर नव्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी २०१५ पर्यंत किलोमीटरमागे १३० ग्रॅमवर आणण्याचे बंधन घातले होते. फियाटने २०१० साली दोन सिलिंडरांचे ८७५ घनसेंटिमीटरचे इंजिन आणले. फोर्डने २०१२ साली ९९९ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन आणले. त्याच्या ठोकळ्याचा तळ टंकलेखनाच्या ए-फोर कागदावर मावे, आणि तरीही ते १२५ अश्वशक्तीपर्यंत बळ देई.

आता छापील आकड्याकडे वळू. हा आकडा रस्त्यावर मोजला जात नाही. ठराविक तापमानाच्या बंदिस्त दालनात गाडीची चाके फिरत्या रुळांवर ठेवतात आणि आखून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ती चालवितात. युरोपातील जुन्या चाचणीत एकूण ११ किलोमीटर अंतर वीस मिनिटांत कापले जाई. वेग वाढविणे इतके सावकाश, की लहान इंजिनातील टर्बोला जोर लावण्याची पाळी क्वचितच येई. वातानुकूलन बंद, वारा नाही, चढ नाही. अशा परीक्षेत लहान टर्बो इंजिन पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण व्हावे, यात नवल कोणते? फियाटच्या त्या दोन सिलिंडरी गाडीचा छापील आकडा लिटरमागे सुमारे २४ किलोमीटर होता. रस्त्यावर चालविणाऱ्या परीक्षकांना त्याच्या जवळपासही पोहोचणे कठीण गेले.

इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने युरोपातील हजारो गाड्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. चाचणी व रस्ता यांतील जी तफावत २००१ साली दहा टक्क्यांच्या आत होती, ती २०१७ पर्यंत चाळीस टक्क्यांच्या घरात गेली होती. अमेरिकेत तर हा अनुभव जुनाच होता. तेथील सरकारी संस्थेने १९८५ सालच्या गाड्यांपासून शहरी आकडा दहा टक्क्यांनी व महामार्गाचा आकडा बावीस टक्क्यांनी उतरवून छापण्यास आरंभ केला होता. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून अधिक लांब व अधिक वेगाची नवी चाचणी आली. पुढे गाड्यांतच खर्चाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. तिच्या नोंदींवरून २०२४ साली युरोपीय आयोगाने जाहीर केले, की नव्या चाचणीहूनही प्रत्यक्ष खर्च सुमारे वीस टक्क्यांनी अधिक भरतो. तफावत निम्म्यावर आली, मिटली नाही.

भारतात लहान टर्बो गाडी येण्यास करांचीही प्रेरणा होती. २००६ सालच्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतील लांबीच्या व १,२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल गाडीस अबकारी करात सवलत दिली. या मर्यादेत राहून बळ वाढवावयाचे, तर टर्बोचार्जर हा सरळ मार्ग होता. २०१३ साली पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगन पोलोची १.२ लिटर टर्बो आवृत्ती बाहेर पडली, आणि त्याच वर्षी फोर्ड इकोस्पोर्टमधून ते एक लिटरचे इंजिनही आले. पहिलीचा प्रमाणित आकडा लिटरमागे १७.२ किलोमीटर, तर दुसरीचा १८.९ होता. असे आकडे प्रमाणित करणाऱ्या संस्थांत १९६६ साली पुण्यात स्थापन झालेली एआरएआय ही अग्रगण्य होय. परंतु भारतात अनेक वर्षे चालत आलेल्या चाचणीत गाडीचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटरच धरलेला होता, ही गोष्ट ग्राहकास विक्रेता क्वचितच सांगतो.

आता अशी एखादी गाडी गोव्यातून चोर्ला घाटाने बेळगावकडे निघाली आहे, अशी कल्पना करावी. समुद्रकाठापासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील पठारावर तिला चढावयाचे आहे. साखळीपर्यंतच्या सपाट रस्त्यावर चालकाचा पाय हलका असतो, टर्बो स्वस्थ असतो, आणि गाडी खरोखरीच लहान इंजिनाच्या भुकेवर चालते. घाट लागतो. वळणावर वेग उतरतो, इंजिनाचे फेरे मंदावतात, धुराचा झोत क्षीण होतो आणि भाता थंडावतो. चालक एक्सिलरेटर दाबतो. क्षणभर काहीच घडत नाही. तो अधिक दाबतो. तोच चक्र गती घेते आणि गाडी एकाएकी उसळते. पुढे ट्रक असतो, म्हणून ब्रेक. पुन्हा तोच क्रम. प्रत्येक उसळीला जोराचा घोट लागतो. शिवाय इंजिन फार तापू लागले, तर ते थंड राखण्यासाठी यंत्रणा गरजेहून अधिक पेट्रोल फवारते, आणि ते पुरते न जळताच बाहेर जाते. छापील आकडा बहुधा अशा ठिकाणी हरवतो.

याच घाटात जाणता चालक वळणापूर्वीच खालचा गिअर टाकतो, फेरे पडू देत नाही आणि पाय स्थिर ठेवतो. सपाटीवर मात्र तो लवकर वरचा गिअर घेतो, कारण या इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांतच मिळतो. जुन्या इंजिनाप्रमाणे ते गर्जत ठेवण्याचे कारण नसते. उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचविण्याची कार्ब्युरेटरच्या काळातील सवय आजही अनेकांना आहे. ती धोक्याची तर आहेच, पण आता निरर्थकही आहे. गिअरमध्ये ठेवून पाय काढला, तर आजचे इंजिन पेट्रोल घेणेच थांबविते, न्यूट्रलमध्ये मात्र ते जागते राहण्यासाठी पेट्रोल पितच राहते.

तेव्हा आरंभीच्या गृहस्थास फसविले कोणी? परीक्षणशाळेचा आकडा खोटा नसतो. तो त्या दालनापुरता खरा असतो. एकाच दालनात, एकाच नियमाने तपासलेल्या दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी तो उपयोगी आहे. महिन्याच्या खर्चाचे वचन म्हणून तो छापला जातो व वाचला जातो, तेथे चूक होते. आणि त्या चुकीत विकणारा व घेणारा दोघेही वाटेकरी असतात. आपल्या गाडीचा खरा आकडा काढण्याची रीत साधी आहे: टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर टिपून ठेवावे, पुन्हा काठोकाठ भरताना लागलेल्या लिटरांनी धावलेल्या अंतरास भागावे, आणि असे चारसहा वेळा करून सरासरी घ्यावी. ब्यूखीने वाया जाणाऱ्या धुरातून शक्ती वाचविली, हे त्याचे ऋण मोटारजगतावर आहे. ती शक्ती काटकसरीत घालवायची की उसळ्यांत उधळायची, याचा निर्णय मात्र त्याने चालकाच्या पायाखाली ठेवला. आणि तो आजही तेथेच आहे.