परोपकाराची उमेदवारी

सुताराचा मुलगा रंधा हाती धरण्यापूर्वी काही वर्षे उमेदवारी करतो. वकील, वैद्य, शिक्षक यांनाही परीक्षेच्या दारातून जावे लागते. परंतु दुसऱ्याचे भले करावयास निघालेल्या मनुष्याला मात्र कोणी विचारीत नाही की, बाबा रे, हे काम तू शिकलास कोठे? अंतःकरण कळवळले म्हणजे पुरे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत किती महाग पडते याची साक्ष जव्हार आणि मोखाडा या दोन डोंगरी तालुक्यांनी दिली आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर वसलेले जव्हार ही मुकणे घराण्यातील कोळी राजांची राजधानी. हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. शेजारचा मोखाडा पेटा इंग्रजी अमलात ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १९३६ च्या हुकुमाने तो डहाणू, शहापूर व उंबरगाव यांच्या बरोबरीने ‘अंशतः वगळलेल्या’ क्षेत्रांत घातला गेला. आज हे दोन्ही तालुके २०१४ साली झालेल्या पालघर जिल्ह्यात आहेत. वस्ती वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी यांची. पाऊस शंभर इंचांहून अधिक पडतो, तरी उन्हाळा लागताच विहिरी तळ गाठतात. आणि भात, नागली, वरई घरात आली की दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी घाट उतरून जातात. अशा मुलखात दयाळू पाहुण्यांची वानवा कधीच नव्हती. घोंगड्या आल्या, जुने कपडे आले, धान्य आले. पाहुणे संध्याकाळच्या मोटारीने परत गेले. दिलेल्या वस्तूचे पुढे काय झाले, हे पाहावयास सहसा कोणी थांबले नाही.

सेवा ही शिकण्याची गोष्ट आहे, हा विचार महाराष्ट्रात पद्धतशीर रीतीने प्रथम मांडला तो गोपाळ कृष्ण गोखले यांनी. १२ जून १९०५ रोजी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना करताना त्यांनी सदस्यावर सात प्रतिज्ञांचे बंधन घातले आणि प्रत्येकासाठी पाच वर्षांची उमेदवारी ठरवून दिली. आधी देशाची माहिती, मग देशाची सेवा, असा हा क्रम होता. उत्साहाने मुसमुसलेल्या तरुणाला हे जड वाटावे यात नवल नाही. पुढे १९१५ साली आफ्रिकेहून परतलेल्या गांधींनासुद्धा गोखल्यांनी हाच क्रम लावला: एक वर्ष देश हिंडून पाहावा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नये. गांधींनी ते मानले.

या समाजात १९१४ साली दाखल झालेले अमृतलाल ठक्कर हे मुंबई म्युनिसिपालिटीतील इंजिनिअर. हिशेबाची आणि मोजमापाची सवय त्यांनी सेवेच्या क्षेत्रातही सोडली नाही. पंचमहालांतील दुष्काळाच्या कामात भिल्लांची स्थिती पाहिल्यावर १९२२ साली त्यांनी दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ काढले. त्याच्या आजीव सेवकाला वीस वर्षांची बांधिलकी पत्करावी लागे. एका हंगामात डोंगर समजत नाही, हे ठक्करबाप्पांनी ओळखले होते. ठाणे जिल्ह्यातील आदिवासी सेवा मंडळामागेही हीच परंपरा होती. बाळासाहेब खेर यांनी त्याचा पुढाकार घेतला. मुंबई प्रांताचे मुख्य मंत्री असताना आदिवासी क्षेत्रांच्या चौकशीसाठी सायमिंग्टन या अधिकाऱ्याची नेमणूकही त्यांच्याच सरकारने केली होती. सावकारी, वेठ आणि जंगलखात्याचा जाच यांचे त्या अहवालातील वर्णन वाचले म्हणजे घोंगड्या वाटण्यातील वैयर्थ्य ध्यानात येते. ज्याची मजुरीच दुसऱ्याच्या वहीत गहाण पडली आहे, त्याच्या अंगावर घोंगडी घातल्याने त्याची सुटका कशी व्हावी?

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने विचारला तो भारत सेवक समाजाच्याच शाळेत तयार झालेल्या एका विदुषीने. गोदावरी परुळेकर या समाजाच्या पहिल्या स्त्री-सदस्य. परंतु समाजाची चाकोरी त्यांना अपुरी वाटली. त्या आणि शामराव परुळेकर किसान सभेत गेले, आणि १९४५ पासून डहाणू-उंबरगावच्या वारल्यांत वेठ व लग्नगडीची चाल यांविरुद्ध त्यांनी जो लढा उभारला, त्याने पिढ्यान्‌पिढ्यांची गुलामगिरी मोडली. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा रुपयांपायी नवराबायकोने जन्मभर जमीनदाराकडे राबावे, ही चाल कित्येक सज्जनांच्या डोळ्यांदेखत चालू होती. गोखल्यांच्या शिस्तीला हा पराभव वाटला असेल काय? तसे दिसत नाही. विद्यार्थ्याने गुरूची चूक दाखवावी, एवढे धैर्य त्या शिक्षणातूनच येते.

त्याच १९४५ साली, त्याच किनाऱ्यावर, बोर्डी येथे एक निराळा प्रयोग सुरू झाला. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला माँटेसरी पद्धतीचे काम केले होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला तो त्यांच्याच प्रयत्नाने. परंतु शहरातील बालमंदिराची महागडी साधने खेड्यातील मुलाच्या काय कामाची, ही शंका त्यांना स्वस्थ बसू देईना. बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले, तेव्हा पुण्याच्या शाळेतील नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या या बाईंनी पुढची सत्तेचाळीस वर्षे या कामातच वेचली.

प्रथम शाळा उघडली आणि मुलांची वाट पाहिली. हरिजनवाड्यातील आणि पाड्यांवरील मुले येईनात. येथेच पुष्कळ संस्था लोकांच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळ्या होतात. ताराबाईंनी दोष शाळेला दिला. मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. या विचारातून अंगणवाडी निघाली. रंगीत लाकडी साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने आली. काम १९५७ च्या सुमारास कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा तेथील वारली वस्तीत दुसरा अडथळा आढळला: थोरली मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन घरी बसते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचे नाव विकासवाडी. तरीही गुराखी मुले उरलीच. त्यांच्यासाठी गुरे चरतात तेथेच, कुरणावर, वर्ग भरू लागला, ती कुरणशाळा. प्रत्येक नाव एका अपयशाचे फळ आहे, आणि ते अपयश मान्य करावयास लाज वाटली नाही हे विशेष. बालसेविकांचे वर्ग चालत तेही याच आवारात. शिकवू पाहणाऱ्या मुलींना आधी पाड्यावर जाऊन मुलांना न्हाऊ-माखू घालावे लागे. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हे नाव सगळ्या देशात गेले.

नाव गेले, पण रीत गेली काय? जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ साली शंभराहून अधिक बालके कुपोषणाने व रोगाने दगावल्याची बातमी आली, तेव्हा महाराष्ट्राला धक्का बसला. मुंबई येथून शंभर मैलांच्या आत आहे. योजना होत्या, खाती होती, १९७२ पासून जव्हारात काम करणाऱ्या प्रगती प्रतिष्ठानासारख्या संस्थाही होत्या. परंतु कोणत्या पाड्यात किती मुले जन्मली, किती गेली आणि कशाने गेली, याची खरी मोजदाद कोणापाशी नव्हती.

ती मोजदाद कशी करावी, हे गडचिरोलीने दाखविले. डॉ. अभय व राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. गावातील बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून त्यांच्याकरवी घरोघर नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग तिने ३९ गावांत केला. शेजारच्या ४७ गावांशी तुलना करून पाहता नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दिसली. हा निष्कर्ष १९९९ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सरकारी आकड्यांपेक्षा खरे बालमृत्यू कितीतरी अधिक आहेत हे उघड केले. २००६ साली याच संस्थेने ‘निर्माण’ हा तरुणांचा शिक्षणक्रम आरंभिला. गोखल्यांच्या पाच वर्षांच्या मानाने शिबिरे लहान. पण प्रश्न तोच: आयुष्य कोठे खर्चिले असता त्याचा उपयोग सर्वांत अधिक होईल?

विलायतेत ऑक्सफर्डच्या काही तरुण तत्त्वज्ञांनी २००९ साली मिळकतीचा दहावा हिस्सा देण्याची प्रतिज्ञा काढली, आणि तो कोठे दिला असता अधिकांत अधिक जीव वाचतील याचे गणित मांडले. गणिताला नाव ठेवण्याचे कारण नाही. कुपोषित मुलाच्या बाबतीत हिशेब हीच दया. मात्र धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी राहिलेल्या मुलीची अडचण ऑक्सफर्डच्या वहीत सहजी सापडणार नाही. ती पाहावयास विकासवाडीच्या आवारापर्यंत चालत जावे लागले.

मोखाड्यात त्याच २००६ साली मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाने ‘आरोहन’ हा उपक्रम सुरू केला. आरोग्य, शिक्षण आणि पोषण ही कामे त्याने एकत्र हाती घेतली; ज्या महाविद्यालयात समाजकार्य पुस्तकांतून शिकविले जाते, त्याला या डोंगरात आपला वर्ग सापडला.