पोवाडा आणि सनद

झांशीच्या राणीचे पोवाडे गाण्यांत आपण कधीं हात आंखडता घेतलेला नाहीं. परंतु पोवाडा ही एक वस्तु आहे व नेमणुकीची सनद ही निराळी. आपल्या सैन्याचा इतिहास पाहिला म्हणजे स्त्रियांस पहिली गोष्ट मुबलक, आणि दुसरी मात्र मोजूनमापून, तीहि गरज लागेल तेव्हांच, मिळाल्याचें दिसतें.

सन १८८८ त दहा इंग्रज परिचारिका मुंबई बंदरांत उतरल्या व लष्करी शुश्रूषेचा पाया घातला गेला. शुश्रूषा हें स्त्रीचेंच काम मानलेलें. त्यामुळें तेथें वादाला जागा नव्हती. पुढें दुसऱ्या महायुद्धांत माणसें अपुरीं पडूं लागतांच, १९४२ सालीं, स्त्रियांचें साहाय्यक दल उभारण्यांत आलें. युद्ध संपलें आणि दलहि मोडलें.

त्याच काळांत सिंगापुरास अगदीं निराळा प्रयोग चालला होता. जुलै १९४३ मध्यें सुभाषबाबूंनीं राणीच्याच नांवानें स्त्रियांची पलटण काढण्याचें जाहीर केलें व तिचें नेतृत्व डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन् यांजकडे सोंपविलें. मलायांतील रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तामीळ मजुरांच्या कित्येक मुली तींत होत्या. त्यांतल्या पुष्कळ जणींनीं हिंदुस्थानची भूमि डोळ्यांनीं पाहिलेली नव्हती. त्या भूमीसाठीं त्यांनीं बंदूक हातीं धरली, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास घोड्यावरील राणीच्या चित्राइतकीच मोलाची वाटते. पलटण ब्रह्मदेशापर्यंत गेली. १९४५ त तिला माघार घ्यावी लागली.

स्वातंत्र्यानंतर या अनुभवाचें चीज होईल अशी अपेक्षा कोणीहि केली असती. घडलें तें उलट. १९५० च्या सेना अधिनियमाच्या बाराव्या कलमानें, सरकार ज्या विभागांपुरती अधिसूचना काढील तेवढे वगळून, स्त्री सैन्यभरतीस अपात्र ठरली. अपात्रता हा नियम, प्रवेश हा अपवाद! स्त्री-अधिकाऱ्यांपुरता हा अपवाद रुंदावण्यास १९९२ साल उजाडावें लागलें. आणि तेव्हांहि नेमणूक पांच वर्षांच्या मुदतीची. मुदत पुढें वाढत गेली खरी, पण कायम नेमणुकीसाठीं स्त्रियांस न्यायालयाची पायरी चढावी लागली. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०१० त त्यांच्या बाजूनें निकाल दिला. सरकार अपिलांत गेलें, व तेथें दहा वर्षें गेलीं.

त्या अपिलांतील एक युक्तिवाद मननीय आहे. बहुतेक जवान खेड्यापाड्यांतून आलेले, तेव्हां स्त्रीचा हुकूम मानण्यास त्यांची मनें तयार नाहींत, असें सरकारतर्फे मांडण्यांत आलें. म्हणजे उणीव शिपायाच्या मनांत आणि दंड अधिकारी स्त्रीस! शिस्त म्हणजे हुकूम कोणाचा हें न पाहतां तो पाळणें, असें आम्ही आजवर समजत होतों. १७ फेब्रुवारी २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हा युक्तिवाद फेटाळला व कायम नेमणुकीचा हक्क मान्य केला.

तरीहि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचें दार बंदच होतें. शालेय शिक्षण संपवितांच मुलास जी प्रवेशपरीक्षा देतां येई, ती मुलीस देतां येत नसे. ऑगस्ट २०२१ मध्यें न्यायालयानें ती मोकळी केली. सरकारनें पुढील मे महिन्यापर्यंत सवड मागितली. न्यायालयानें ती दिली नाहीं. २०२२ त मुलींची पहिली तुकडी प्रबोधिनींत आली आणि ३० मे २०२५ रोजीं त्यांतील १७ जणी संचलन करीत बाहेर पडल्या. त्या दिवशींहि पायदळ आणि रणगाडादळ यांचीं कवाडें त्यांस मिटलेलींच होतीं.